सतरा क्रमांकाचे घर आणि परतलेली मुलगी

नोएल कॉवर्ड यांच्या 'धिस हॅपी ब्रीड' या नाटकात एकही बंदूक उडत नाही. तरीही दोन महायुद्धांच्या कात्रीत सापडलेल्या सामान्य इंग्रज कुटुंबाविषयी आम्हांस जे काही थोडेफार उमगले, ते इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा या नाटकातून अधिक उमगले, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. नाटकाचा पडदा वर जातो तो जून १९१९ मध्ये. पहिले महायुद्ध थांबून सात महिने लोटले आहेत. शेवटचा पडदा पडतो तो जून १९३९ मध्ये. दुसरे महायुद्ध अवघ्या अडीच महिन्यांवर येऊन ठेपले आहे. मधल्या वीस वर्षांत प्रेक्षक दक्षिण लंडनच्या क्लॅपहॅम उपनगरातील, सिकॅमोर रोडवरच्या १७ क्रमांकाच्या घराची जेवणाची खोली सोडून कोठेही जात नाही. देशव्यापी संप होतो, राजा गादी सोडतो, पंतप्रधान हिटलरला भेटून परत येतात. हे सारे त्या खोलीत येते ते वर्तमानपत्रातून, रेडिओतून, नाही तर दार लोटून आत शिरणाऱ्या माणसाच्या तोंडून. सामान्य माणसाच्या घरी इतिहास असाच येतो.

नाटकाचे स्वतःचे नशीबही युद्धाशी जोडलेले आहे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या तालमी चालू होत्या. सप्टेंबरच्या ३ तारखेस ब्रिटनने युद्ध पुकारले आणि तालमी जागच्या जागी थांबल्या. नाटक रंगमंचावर आले ते तीन वर्षांनी, सप्टेंबर १९४२ मध्ये, ब्लॅकपूल येथे. कुटुंबप्रमुखाची भूमिका स्वतः कॉवर्ड यांनी केली. १९४३ मध्ये ते लंडनला पोहोचले आणि १९४४ मध्ये डेव्हिड लीन यांनी त्यावर चित्रपट काढला. रॉबर्ट न्यूटन आणि सेलिया जॉन्सन यांनी त्यात नवरा-बायकोची कामे केली आहेत. नाटकाचे नाव शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द्वितीय' मधील वृद्ध जॉन ऑफ गाँट इंग्लंडचे गुणगान गातो त्या प्रसिद्ध भाषणातून उचललेले आहे. भाग्यवान माणसांचे हे कूळ, असा त्याचा भाव. या भाग्यात किती तथ्य आहे, हे पुढे पाहू.

सेमिनरीत असताना आमच्या इंग्रजीच्या अध्यापकांनी हा चित्रपट आम्हां विद्यार्थ्यांना व्हिडिओवर दाखवला होता. त्या वेळच्या आमच्या टिपणवहीत एथेल गिबन्स या आईविषयी आम्ही एकच शब्द लिहून ठेवला होता : निष्ठुर. पुढे अनेक वर्षे निरनिराळ्या धर्मग्रामांत घरोघरी फिरल्यावर, गेल्या पावसाळ्यात नाटक पुन्हा वाचले, चित्रपट पुन्हा पाहिला आणि तो शब्द खोडावा लागला. हा लेख म्हणजे त्या खोडण्याची हकीकत आहे, असे वाचकांनी समजावे.

फ्रँक गिबन्स युद्धावरून जिवंत परतला आहे. बायको एथेल, मुलगा रेज, मुली व्हाय आणि क्वीनी, स्वतःची बहीण सिल्व्हिया आणि सासू मिसेस फ्लिंट असा सात माणसांचा गोतावळा घेऊन तो या भाड्याच्या घरात राहावयास येतो. शेजारी निघतो तो फौजेतला जुना सोबती बॉब मिचेल. बॉबचा मुलगा बिली पुढे आरमारात जातो आणि क्वीनीवर मनापासून जीव लावतो. फ्रँक प्रवासी सहलींच्या कचेरीत नोकरी करतो, परसात बाग लावतो, बॉबबरोबर दोन घोट घेतो. सासू आणि नणंद रात्रंदिवस एकमेकींना टोचतात. एथेल या साऱ्यांचे जेवणखाण, कपडे, दुखणीखुपणी पाहते आणि तिचे पाय दुखतात. कथानक म्हणावे असे सुरुवातीला काही नाही. पण कॉवर्ड यांचे कान फार तीक्ष्ण आहेत. एकाच टेबलाभोवती वीस वर्षे बसणारी माणसे एकमेकांशी ज्या अर्ध्या वाक्यांत बोलतात, ती अर्धी वाक्ये त्यांनी नेमकी टिपली आहेत.

हे कुटुंब कामकरी म्हणावे काय, यावर इंग्लंडात पुष्कळ वाद झाला. फ्रँकच्या हातांना यंत्राचे तेल लागत नाही. घरात वरकामाला एडी नावाची मुलगी येते. काटेकोरपणे पाहता हे घर कामकरी वर्गाच्या वरच्या कडेवर, मध्यमवर्गाच्या पहिल्या पायरीवर उभे आहे. रेशमी ड्रेसिंग गाऊन घालणाऱ्या, धनिकांच्या दिवाणखान्यांत रमणाऱ्या कॉवर्ड यांनी या माणसांकडे गच्चीतून खाली पाहिले, हा टीकाकारांचा दुसरा आक्षेप. तो आम्हांस निम्माच पटतो. कॉवर्ड स्वतः लंडनच्या टेडिंग्टन उपनगरात जन्मले, मुलगेपणी क्लॅपहॅममध्ये राहिले; त्यांची आई खोल्या भाड्याने देऊन संसार चालवीत असे. या घरांचा वास त्यांना ठाऊक होता. त्यांच्या १९३१ च्या 'कॅव्हलकेड' मध्ये अशीच तीस वर्षांची कौटुंबिक कथा आहे, पण ती उच्चभ्रूंची. त्यात नोकरमाणसे आहेत ती हसवण्यासाठी. सतरा क्रमांकाच्या घरात हसणे आहेच. पण रडण्याचा हक्कही त्याच माणसांना दिलेला आहे, आणि हा फरक लहान नव्हे.

खरी उणीव वेगळी आहे, आणि ती कळावी म्हणून शेजारी दुसरे पुस्तक उघडून ठेवणे बरे. वॉल्टर ग्रीनवूड यांची 'लव्ह ऑन द डोल' ही कादंबरी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. डोल म्हणजे सरकारी बेकारभत्ता. ग्रीनवूड मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचे. जे लिहिले ते त्यांनी भोगलेले होते. तेथल्या हँकी पार्क नावाच्या वस्तीत हार्डकॅसल कुटुंब राहते. बाप खाणकामगार. मुलगा हॅरी कारखान्यात उमेदवारी करतो आणि उमेदवारी संपताच, म्हणजे पूर्ण मजुरी देण्याची वेळ येताच, त्याला काढून टाकले जाते. मुलगी सॅली गिरणीत जाते. १९३१ च्या अखेरीस सरकारने भत्त्यासाठी घरातल्या सर्वांच्या कमाईची झडती घेण्याचा नियम केला; बहिणीच्या मजुरीमुळे भावाचा भत्ता बंद व्हावा, असा तो नियम. १९३३ च्या आरंभी ब्रिटनमधील नोंदलेल्या बेकारांची संख्या ३० लाखांच्या घरात गेली होती. सॅलीचा नियोजित वर लॅरी मीथ हा सुशिक्षित, सरळ माणूस. या नियमाविरुद्धच्या मोर्चात तो मार खातो आणि मरतो. त्यानंतर सॅली डोळे उघडे ठेवून, सॅम ग्रंडी नावाच्या पैसेवाल्या सट्टेवाल्याच्या आश्रयाला जाते. बाप तिच्यावर हात उगारतो. पण तिच्याच शब्दाखातर बापाला आणि भावाला बस कंपनीत काम मिळते, आणि ते काम तो नाकारू शकत नाही. ब्रिटिश सेन्सॉरने १९३६ मध्ये या कथेवर चित्रपट काढू दिला नाही. तो निघाला १९४१ मध्ये, बेकारी संपून युद्धासाठी प्रत्येक हात हवा झाला तेव्हा.

आता सिकॅमोर रोडवर परत येऊ. नाटकात १९३१ आणि १९३२ या सालांचे तीन प्रवेश आहेत. पण त्या ३० लाखांपैकी एकही माणूस सतरा क्रमांकाचे दार ठोठावत नाही. १९२६ च्या मे महिन्यात खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी देशभर संप झाला. तेव्हा फ्रँक आणि बॉब स्वयंसेवक होऊन बस चालवावयास जातात, तेही शाळकरी मुलांच्या उत्साहाने! रेज त्याच्या साम्यवादी मित्राच्या, सॅम लेडबिटरच्या, नादाने संपकऱ्यांच्या बाजूस जातो; बाप त्याची समजूत घालतो; पुढे सॅम व्हायशी लग्न करतो आणि माणसाळतो. प्रश्न मिटला! सॅमची मते चूक की बरोबर हा मुद्दा नाही. ती मते ज्या भुकेतून उपजली, ती भूक लेखकाने खोलीत येऊ दिली नाही, हा मुद्दा आहे. हँकी पार्कमध्ये बसची नोकरी मुलीच्या अब्रूच्या मोलाने मिळते आणि क्लॅपहॅममध्ये तीच बस हौस म्हणून चालवली जाते. दोन्ही पुस्तके एकाच देशाची, एकाच दशकातली आहेत.

पण दोन्ही घरांत एक गोष्ट समान आहे : मुलगी घराबाहेर पडते. सॅलीला भूक ढकलते. क्वीनीला काय ढकलते?

क्वीनी सुंदर आहे आणि तिला या घराचा वीट आला आहे. तेच भिंतीवरचे कागद, तोच चहा, शेजारी हुबेहूब तसेच दुसरे घर, आणि लग्न करायचे तर त्याच शेजारच्या घरातल्या मुलाशी. बिलीला ती नकार देते तेव्हा त्याला दुखवू इच्छीत नाही. तिला फक्त हे सारे अधिक चांगले असू शकते असे वाटते. सेमिनरीत आम्हांस ती उथळ वाटली होती. आज तसे वाटत नाही. फ्रँकला बाग पुरते, कारण त्याने खंदक पाहिले आहेत. क्वीनीने खंदक पाहिलेले नाहीत. ज्या शांततेला बाप देवाचा प्रसाद समजतो, ती शांतता मुलीच्या गळ्याशी येते. आणि युद्धानंतरच्या त्या पिढीचे हे दुःख कॉवर्ड यांनी कोणालाही दोष न देता दाखवले आहे. १९३१ च्या शरद ऋतूत, भाऊ रेजच्या लग्नाच्या सुमारास, ती एका विवाहित पुरुषाबरोबर निघून जाते. मागे एक पत्र राहते.

पत्र वाचल्यावर फ्रँक कोसळतो, पण मुलगी ती मुलगीच असे त्याचे म्हणणे. एथेल मात्र दगड होते. तिला ती आपली मुलगी मानणार नाही, घरात घेणार नाही, तिचे नावही नको. इतकी वर्षे बरोबर राहिलेला नवरा बायकोकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसा पाहतो. आमच्या टिपणवहीतला 'निष्ठुर' हा शब्द याच प्रवेशासमोर होता.

तो शब्द चूक का, ते आता सांगतो. एथेलपाशी स्वतःचे असे काय आहे? घर भाड्याचे. पगार नवऱ्याचा. वीस वर्षांत तिने कमावले ते एवढेच की गल्लीत मान वर करून चालता येते. गरिबीच्या काठावर राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने अब्रू ही बँकेतली ठेव असते, आणि क्वीनीने ती ठेव एका रात्रीत उचलून नेली. फ्रँक दयाळू आहे हे खरे. पण दयाळू असणे त्याला परवडते, कारण उद्या दूधवाल्यासमोर दार उघडायला तो घरात नसतो. आम्ही पाहिलेल्या घरांतही वडील लवकर विरघळतात आणि आई दार लावून घेते, असे एकाहून अधिक वेळा घडले आहे; आणि दरवेळी आम्ही आईलाच उपदेश केला, हे येथे कबूल करतो. तिच्या रागाखाली भीती असते, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील, त्याची गणती नाही. पण त्या दाखल्यात आई नाही, हे आमच्या लक्षात आणून दिले ते या नाटकाने. तेथे धावत जाणारा बाप आहे, रुसलेला थोरला भाऊ आहे. सतरा क्रमांकाच्या घरात ही दोन्ही माणसे एथेलच्या एकटीच्या कुडीत राहतात, आणि पाच वर्षे त्यांचे भांडण चालते. कॉवर्ड धार्मिक लेखक नव्हते, हे येथे स्पष्ट करायला हवे. या घरात धर्म येतो तो सिल्व्हियाआत्याच्या ख्रिश्चन सायन्सच्या वेडाच्या रूपाने, आणि येतो तो प्रेक्षकांना हसवण्यासाठीच. लग्ने होतात, मृत्यू होतात. पाळक एकदाही उंबरा ओलांडत नाही. आम्हांस याचे वैषम्य वाटले, पण ते खोटे आहे असे म्हणता येत नाही. लंडनच्या अशा हजारो घरांत त्या काळी चर्च हे लग्नाचे आणि प्रेताचे ठिकाण होऊन राहिले होते. क्षमेचा प्रश्न मात्र चर्चने सोडला म्हणून घराला सुटत नाही.

त्या पाच वर्षांच्या आरंभीच आणखी एक घाव बसतो. मे १९३२. रेज आणि त्याची नवी नवरी फिलिस मोटार अपघातात ठार होतात. हा प्रसंग लीन यांनी ज्या रीतीने चित्रित केला आहे, तो आमच्या मते इंग्रजी चित्रपटातील थोड्या निर्दोष प्रसंगांपैकी एक आहे. आई-वडील मागे बागेत आहेत. व्हाय बातमी घेऊन येते आणि त्यांना सांगण्यासाठी बाहेर जाते. कॅमेरा तिच्यामागे जात नाही. तो रिकाम्या खोलीत थांबतो. रेडिओवर नाचाचे संगीत चालू आहे. ते कोणी बंद केलेले नाही. आपण थांबतो. मग बऱ्याच वेळाने दोघे दारातून हळूहळू आत येतात आणि बसतात. किंकाळी नाही, संवाद नाही. अशी बातमी घेऊन आम्हांस स्वतःस काही घरी जावे लागले आहे. बातमी सांगितल्यानंतर घरात जो काही क्षणांचा अवकाश पसरतो, आणि त्यात शेजारच्या रेडिओचे गाणे निर्लज्जपणे ऐकू येत राहते, तो या दिग्दर्शकाला कोठून ठाऊक झाला असेल, असे मनात आले. चित्रपटाचे रंगही त्यांनी मुद्दाम फिके, वापरून जुने झाल्यासारखे ठेवले आहेत. रंगीत चित्रपट म्हणजे भडक चित्रपट असे समीकरण असताना हे धाडसच होते.

मुलगा मृत्यूने गेला, मुलगी आईने स्वतःच्या तोंडाने घालवली. दुसरीला परत बोलावणे हाती असूनही ती बोलावत नाही. या वर्षांविषयी नाटककार एक अक्षरही लिहीत नाहीत. पडदा पडतो आणि उघडतो तेव्हा डिसेंबर १९३६ उजाडलेला असतो. मिसेस फ्लिंट आता नाहीत. आठव्या एडवर्डने गादी सोडली आहे. सारा देश एका विवाहाची चर्चा करीत असताना बिली घरात येतो आणि सांगतो की क्वीनी फ्रान्समध्ये, मेंटन गावी, त्याला भेटली. तो पुरुष आपल्या बायकोकडे परत गेला होता. ही तेथे चहाचे छोटे दुकान चालवून राहिली होती. आणि आता ती बिलीची बायको आहे. (विवाहनोंदवहीची सवय असलेल्या आमच्यासारख्याच्या मनात लगेच आले की या विवाहात कोणताही अडथळा नव्हता. सवय वाईट असते.)

मग क्वीनी दारात उभी राहते. येथे दुर्बल लेखकाने पाच पानांचे भाषण लिहिले असते. एथेलचे पहिले शब्द रागाचेच आहेत. पण तो राग मुलगी पाच वर्षांनी परतल्याचा नव्हे, तासभर उशिरा घरी आल्याचा आहे. आईला इतका त्रास द्यायचा म्हणजे काय, अशा सुरातला. आणि त्या रागातच ती विरघळते. क्षमा हा शब्द दोघींपैकी कोणीही उच्चारीत नाही. आमच्या मते नाटकाचे सारे मोल या काही क्षणांत आहे. एथेल अब्रूचा हिशेब मिटवत नाही, तत्त्व बदलत नाही. ती फक्त रोजच्या कुरकुरीची भाषा पुन्हा सुरू करते, आणि ती भाषा घरातल्या माणसाशीच बोलता येते.

यानंतर नाटक उतरणीला लागते. सप्टेंबर १९३८ मध्ये चेंबरलेन म्युनिकहून करार घेऊन परततात, सिल्व्हिया हर्षभरित होते आणि फ्रँक चिडतो. त्याचे चिडणे प्रामाणिक आहे. एक युद्ध पाहिलेला माणूस दुसऱ्याचा वास ओळखतो. पण शेवटच्या प्रवेशात, घर रिकामे होत असताना, बाबागाडीतल्या नातवाशी फ्रँक लांबलचक बोलतो, आणि त्या बोलण्यात इंग्लंड, इंग्रज माणूस, त्याची चिकाटी असे सर्व काही येते. येथे फ्रँक गिबन्स बोलायचा थांबतो आणि कॉवर्ड बोलू लागतात. तान्ह्या मुलाला ऐकवलेले भाषण वस्तुतः सभागृहासाठी असते. ज्याने वीस वर्षे अर्धी वाक्ये बोलली, त्याला एकाएकी पूर्ण परिच्छेद सुचू लागतात, हे आम्हांस खटकले. लीन यांनी चित्रपटातून हे भाषण गाळले. नवरा-बायको मोकळ्या झालेल्या घरातून बाहेर पडतात आणि कॅमेरा खिडकीतून निघून छपरांवरून दूर जातो; हजारो छपरे, सारखीच. आम्हांस हा शेवट अधिक खरा वाटतो.

मात्र नाटकाच्या त्या अखेरच्या प्रवेशात एक लहानसा तपशील आहे, ज्याकडे आमचे लक्ष दुसऱ्या वाचनात गेले. बाबागाडीतले मूल क्वीनीचे आहे. ते आजीआजोबांपाशी राहिले आहे, कारण क्वीनी नवऱ्याकडे गेली आहे, आणि आरमारातल्या बिलीची नेमणूक आहे सिंगापूरला. १९३९ मध्ये कॉवर्ड यांनी हे नाव लिहिले तेव्हा सिंगापूर म्हणजे साम्राज्याचा अभेद्य किल्ला समजला जात होता. सुरक्षित, दूरचे, ऊन असलेले ठिकाण. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ते जपान्यांच्या हाती पडले. हजारो ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि भारतीय सैनिक बंदी झाले. स्त्रिया आणि मुलेही छावण्यांत गेली. नाटक पहिल्यांदा लोकांसमोर आले ते त्यानंतर सात महिन्यांनी. रंगमंचावर एथेल रात्रीच्या जेवणाच्या तयारीसाठी स्वयंपाकघरात गेलेली असते, तिच्या दृष्टीने मुलगी आता सुखरूप असते. आणि अंधारात बसलेल्या प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला त्या शहराचे काय झाले ते ठाऊक असते.